धुतलेलं घर

"इथं पूर आलेला? वाटत तर नाही."

साहेब आमच्या उंबऱ्यात उभे राहून म्हणाले. पायात बूट, काखेत फाईल. विमा कंपनीनं पुराचं नुकसान बघायला पाठवलेले सर्व्हेअर. त्यांनी भिंतीवरनं एक बोट फिरवलं, निरखून बघितलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं.

आठ दिवसांपूर्वी त्याच भिंतीला माझ्या छातीएवढं पाणी लागलं होतं. पंचगंगेचं पाणी. गटारं, उकिरडे, मेलेली कुत्री, सगळं पोटात घेऊन आलेलं. त्यातलं साहेबांच्या बोटाला काहीच लागलं नाही.

मग त्यांनी फाईल उघडली आणि मी लिहून दिलेली यादी वाचायला लागले. फ्रिज. शिलाई मशीन. लोखंडी कपाट. दोन फळ्या पुस्तकं. तिथं थांबले.

"पुस्तकं कुणाची?"

"माझी."

"कंडक्टर ना तुम्ही?"

मी हो म्हणाले. त्यांनी त्या ओळीखाली पेनानं बारीक रेघ ओढली. मग भिंतीवरच्या तसबिरीकडं बघितलं. निळ्या कोटातली तसबीर. उंचावर होती म्हणून तेवढी वाचलेली. तसबीर बघून झाल्यावर फाईलवरचं माझं आडनाव बघितलं, आणि मग मला. या क्रमाचा अर्थ आमच्या पोरांना शाळेत जायच्या आधीच कळलेला असतो.

"तुम्हा लोकांना सरकारनं मदत दिलीय ना? आता सगळीकडनंच घ्यायचं म्हटल्यावर कसं व्हायचं?"

मी काही मागायला गेले नव्हते. घरासाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेतल्या माणसानंच कागद पुढं सरकवला होता. "सही करा ताई, घराचा विमा हाय. पूरबिर आला तर काळजी न्हाई." त्याचा हप्ता मी भरत होते. माझ्या पगारातनं. हे मला साहेबांना सांगायचं होतं. पण गाडीत साठ माणसांना दरडावणारी मी, माझ्याच घरात गप्प उभी राहिले.

आईनं चहा आणला. कप पुसून, बशी पुसून. साहेब म्हणाले, "नको, आत्ताच झाला."

जाताना त्यांनी मागची खोली बघितली. आईची खोली. तिथली नदीकडची भिंत पुरानं पोट काढून बाहेर आली होती आणि वरपासून खालपर्यंत भेग पडली होती. मला फ्रिजचं एवढं नव्हतं. मला ती भिंत पाहिजे होती. तिच्याखाली माझी आई झोपत होती.

साहेबांनी भेगेवर बोट टेकवलं. "ही बुजवलेली आहे. म्हणजे जुनीच आहे."

भेग आईनं बुजवली होती. सिमेंट कालवून, वर चुना फासून. चारच दिवस झाले होते.

इथं मला माझी चूक सांगितली पाहिजे, कारण ती दुसरं कुणी सांगणार नाही.

मी एसटीत वाहक आहे. पन्हाळा, कोडोली, हातकणंगले, रोज कुठली ना कुठली गाडी. माझ्या गाडीत कुणी म्हणालं, "काढलंतं की बाई तिकीट, पडलं कुठंतरी," तर मी सोडत नाही. तिकीट दाखव, नाहीतर पैसे भर. पुरावा काय असतो हे मला कुणी शिकवायला नको.

पूर आला तेव्हा रस्ते बंद झाले आणि मी चार दिवस हातकणंगल्यात अडकले. आईला गल्लीतल्या लोकांनी शाळेत नेऊन ठेवलं. हातकणंगल्यातनंच मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडनं एका मुलीनं सांगितलं, साहेब बघून जाईपर्यंत सगळं आहे तसं ठेवा, फोटो काढा, भिजलेलं काही टाकू नका. मी लगेच आईला कळवलं. "आये, कशाला हात लावू नगंस. विम्याचं सायेब येणार हाईत बघायला."

पाणी उतरलं. मी घरी पोचले तर आई गुडघ्यावर बसून फरशी घासत होती. चार खोल्यांतला गाळ तिनं एकटीनं बाहेर काढला होता. गादी, भिजून फुगलेली पुस्तकं, सगळं महापालिकेच्या गाडीत गेलेलं. फ्रिज धुऊनपुसून जागेवर. भिंतीवरची पाण्याची रेघ चुन्याखाली.

"आये, हात लावू नगंस म्हटलंतं न्हवं?"

"ऐकलंतं की. पर सायबास्नी घाणीत हुबं करू व्हय? काय म्हनतील त्ये?"

पुढचा भाग मी अजून कुणाला सांगितलेला नाही. स्वयंपाकघरातला कोपरा तेवढा राहिला होता. तिथं वीतभर गाळ होता. भिंतीवर रेघही होती. हातात फोन होता. एक फोटो काढला असता तरी चाललं असतं. मी फोन खुंटीला अडकवलेल्या पिशवीत टाकला, ओचा खोवला आणि खराटा घेतला. मलाही साहेबांना तो कोपरा दाखवायचा नव्हता. मला लाज वाटत होती.

मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा आम्ही गावाकडं राहायचो, पन्हाळा तालुक्यात, कोडोलीच्या बाजाराला चालत जाण्याइतकं जवळ. वर्गातली एक मैत्रीण खेळता खेळता आमच्या घरात आली. तिची आई मागनं पळत आली आणि दारातनंच तिचा दंड धरून ओढलं. "त्या घाणीत कशाला मेलीस गं?"

घाण नव्हती. आदल्याच दिवशी सारवलेलं होतं. आई चुलीपुढं बसलेली, तिनं ऐकलं. ती रडली नाही, भांडली नाही. त्या दिवशी तिनं घर आणखी दोनदा सारवलं. दुसऱ्या सारवणापर्यंत पहिलं वाळलंसुद्धा नव्हतं. त्यानंतर आमचं घर कायम तपासणीला बसलेलं घर झालं. कोण येणार म्हटलं की आईचा हात फडक्याकडं जायचा. गुरुजी येवोत, ग्रामसेवक येवो, पावणं येवोत. भांड्यात तोंड दिसलं पाहिजे. लोकांना वाटायचं बाई नीटनेटकी आहे. ती नीटनेटकी नव्हती. ती घाबरलेली होती, आणि तिनं मलाही तसंच घाबरायला शिकवलं.

साहेब आमच्याकडनं निघाले ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बंगल्यात गेले. तिथं राहणारे काका निवृत्त अधिकारी. त्यांचाही विमा त्याच कंपनीचा. मी पाण्याची घागर घेऊन नळावर जाताना फाटकातनं बघितलं. हॉलभर चिखल. सोफा चिखलात उलटा. आणि त्या चिखलात एक प्लास्टिकची खुर्ची टाकून साहेब बसले होते. बूट चिखलात. हातात चहाचा कप.

मी घागर भरली आणि घरी आले. आईला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात. हसतमुख.

"मावशी हायत का? काय घर केलंय हो, निव्वळ आरसा! साहेब पण म्हणत होते. आता आमचंबी बघून झालंय. तेवढं चार बायका घेऊन या की धुवायला. तुमचा हात बसलाय त्यात."

मी विचारलं, "काका, इतके दिवस का ठेवलावता चिखल?"

"म्हंजे? बोट लावू दिलं न्हाई मी कुणाला. साहेब बघून जाऊस्तवर चिखल म्हणजे सोनं असतंय!"

ते सहज बोलले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि मला राग त्याचाच आला. या माणसाला आठ दिवस चिखलात राहायला काहीच वाटलं नव्हतं. वाटायचं कारणच नव्हतं. त्यांच्या घरातला चिखल पुराचा होता. आमच्या घरात तो राहिला असता तर आमचा झाला असता.

आई मागं उठून उभी राहिली होती. पदर खोचत होती. "येती की दादा. शेजार हाय."

मी दारात आडवी झाले.

"आई येणार न्हाई."

"अगं, फुकट थोडंच सांगतोय? पैसे देतो की."

"पैशाचं न्हाई काका. तुमचा चिखल तुम्ही काढा. ती आज येणार न्हाई, उद्या न्हाई, कवाच न्हाई."

काकांचं हसू गेलं. "केवढं लागलं तुला! चांगल्या तोंडानं बोलाय आलतो." पाठ फिरवून गेले. आई माझ्यावर चिडली. शेजाऱ्याशी वैर घेतलंस म्हणाली. दिवसभर जेवली नाही.

महिन्यानं पत्र आलं. इंग्रजीत. दावा नामंजूर. पॉलिसीच्या कागदात मागच्या पानावर बारीक अक्षरात तसा हक्क असल्याचं शोधून मी सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली. ऑफिसात तीन खेपा घातल्या. काचेमागचा माणूस दर खेपेला विचारायचा, "फोटो आहेत का?" नाही म्हटलं की मान खाली घालायचा. शेवटी प्रत दिली.

त्यात लिहिलं होतं: घर स्वच्छ व सुस्थितीत. मागील भिंतीतील भेग बांधकामातील जुना दोष. आणि त्याखाली: विमाधारकाचे राहणीमान पाहता, यादीतील वस्तू त्यांच्याकडे असण्याची शक्यता कमी.

मी ते ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. चार वेळा वाचलं. राहणीमान. घर घाण असतं तर घाण लोक, स्वच्छ आहे तर नुकसान नाही, आणि पुस्तकं असली तर खोटारडे. यातनं बाहेर पडायची वाट कुठनं असते, ते कुणीतरी मला सांगावं. मी वरच्या ऑफिसला तक्रार केली, तिथनं तेच उत्तर दोन ओळी कमी करून आलं. विमा लोकपालांकडं अर्ज टाकलाय. तारीख लागायची आहे. काकांचा दावा दिवाळीच्या आत मंजूर झाला.

भिंतीला मी वासे लावून टेकू दिला. आई पुढच्या खोलीत झोपायला लागली.

पुढच्या पावसाळ्यात पाणी परत आलं. या वेळी कमरेएवढं. पण भिंतीला तेवढं पुरलं. ती आत पडली, बरोबर आईची खाट असायची त्या जागेवर. खाट आधीच पुढं हलवलेली होती, आणि पाणी आलं तेव्हा आम्ही दोघी शाळेत होतो, म्हणून वाचलो.

पाणी उतरल्यावर घरात शिरलो. आईनं सवयीनं बादली उचलली. मी ती तिच्या हातातनं घेतली, पालथी घातली आणि वर बसले. "आये, आता न्हाई."

मी विमा कंपनीला परत कळवलं आणि प्रत्येक खोलीचे, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढले. रेघेला मोजायचा टेप लावून फोटो काढले. मग आम्ही त्या चिखलात पाच दिवस काढले. वास नाकात बसला. आई दारात पाठमोरी बसायची, तोंडावर पदर घेऊन. गल्लीतलं कुणी गेलं की आणखी खाली वाकायची. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. तरी मी उठले नाही.

सहाव्या दिवशी दुसरे साहेब आले. वयानं लहान, नाकाला रुमाल. आत पाऊल टाकलं आणि थबकले.

"बापरे, काय घाण ही! राहता कसं तुम्ही इथं?"

आईनं पदरात तोंड लपवलं. तिसरीत असताना मला ऐकू आलेला शब्द. ज्या शब्दाला भिऊन तिनं सगळं आयुष्य घासूनपुसून काढलं तो शब्द. तो आला, माझ्या घरात उभा राहिला, आणि मी मेले नाही.

"लिहा," मी म्हणाले.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. घाण हाय म्हणून लिहा. कुठवर हाय ते मोजून लिहा. माझ्यासमोर लिहा, आणि खाली सही करा."

साहेबांनी रुमाल खाली घेतला. टेप काढला, मोजलं, लिहिलं. पडलेल्या भिंतीपाशी गेल्यावर मात्र जुना कागद काढला. "ताई, ही भिंत आधीपासनंच सदोष होती असं नोंदीत आहे. त्याचं अवघड आहे." मी म्हणाले, "ते अवघड हाय म्हणूनसुद्धा लिहा." त्यांनी तेही लिहिलं. मी प्रतीचा फोटो घेतला.

ते गेल्यावर आईनं पदर बाजूला केला. 

"आता तरी धुवू?"

"न्हाई आये. कागद येऊस्तवर न्हाई."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं दारातनं पोरीला ओढून नेणाऱ्या त्या बाईकडंही कधी बघितलं नव्हतं.

कागद अजून आलेला नाही. पुढची खोली आणि चूल तेवढी मी आईसाठी धुतली. मागच्या दोन खोल्या तशाच आहेत. गाळ वाळून भेगाळलाय. जिथं भिंत होती तिथं ताडपत्री आहे, आणि वारा सुटला की ती फडफडते. भरपाई मिळेल असं मला वाटत नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. लोकपालांची तारीख लागली तर मी रजा टाकून जाणार, दुसरी लागली तर दुसऱ्यांदा जाणार, दोन्ही अहवाल छातीशी धरून. तोवर भिंतीवरची रेघ मी पुसणार नाही, आणि आईलाही पुसू देणार नाही.

या घराला कुणाला घाण म्हणायचं असेल, तर यापुढं लेखी म्हणायचं. सहीनिशी.