वरच्या वाडीचा नळ आणि दगडूभाऊंचा स्टे

वकिलीत पैसा आहे की नाही ते मला विचारू नका, पण किस्स्यांना तोटा नाही. पक्षकार जुन्नरच्या कोर्टात तारखेला येतो, तारीख पुढे जाते, आणि परतीची एसटी येईपर्यंत चहावर तो गावातलं काय काय सांगून जातो! माझ्याकडे साचलेल्यांतले निम्मे किस्से एकाच ग्रामपंचायतीचे आहेत. मढच्या रस्त्याला एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण मला अजून त्या रस्त्यानं जावं लागतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. गावात नळ होते, वरच्या वाडीला नव्हते. तिथल्या बाया उन्हाळाभर ओढ्यात झिरे उकरायच्या आणि वाटी-वाटीनं हंडे भरायच्या. ते बघून खरंच जीव तुटायचा. सरपंच हिराबाई निवडून आल्या त्या 'वाडीला नळ देते' या एका शब्दावर.

पाइपलाइन मंजूर झाली. पाइप जाणार होता उपसरपंच दगडूभाऊंच्या कांद्याच्या वावरातून. ठरावाला सगळ्यांत आधी हात वर केला तो दगडूभाऊंनी, आणि आठवडा उलटायच्या आत कोर्टात दावा लावला तोही दगडूभाऊंनीच!

पंचायतीचा वकील मी. भेटल्यावर विचारलं, "अहो, ठराव तुम्हीच केलात ना?"

"त्यो उपसरपंचानं केला. दावा शेतकऱ्यानं लावलाय. आमचं दोघांचं पटत न्हाई!"

* * *

निकाल लागेपर्यंत खोदाईला मनाई झाली. म्हणजे स्टे. दगडूभाऊंना इतका आनंद झाला, की त्यांनी हुकमाची झेरॉक्स गावातल्या पाण्याच्या टाकीवरच खळीनं चिकटवली.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात नळाला पाणी नाही! पाणी सोडणारा गडी म्हणाला, "टाकीवर कोर्टाचा शिक्का हाय. व्हॉल्व्ह फिरवून जेलात कोण जाईल?" टाकी भरून वाहत होती आणि माणसं विहिरीवर रांगा लावून उभी होती.

मी धावत गेलो. पारावर सगळ्यांना गोळा करून समजावलं, की मनाई फक्त दगडूभाऊंच्या वावरातल्या खोदाईला आहे, टाकीला नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारबा म्हणाले, "वकीलसाहेब, टाकीला मनाई न्हाई असा कोर्टाचा कागद आणा. तवर आमी हिरीवरनं भागवतो!"

शेवटी दगडूभाऊंनी स्वतःच्या हातानं झेरॉक्स खरवडली, तेव्हा नळ सुटले.

* * *

या गावची ग्रामसभा हा वेगळाच प्रकार. पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला माणसांच्या संख्येची अट नसते. त्यामुळे पहिल्या सभेला कुणी यायचंच नाही अशी रीत पडलेली. ग्रामसेवक, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, तहकुबीची नोटीस घरूनच लिहून आणायचे.

एकदा देवळात कुणाच्या तरी जावळाचं जेवण होतं आणि सभाही तिथंच होती. जेवून माणसं सावलीला टेकली, ती नेमकी पुरेशी भरली! भाऊसाहेबांना घाम फुटला. पुन्हा पुन्हा मोजून ते हात जोडून उभे राहिले.

"मंडळी, दहा-बारा जण जरा बाहेर जाता का? सभा बेकायदा व्हायला लागलीय!"

आणि माणसं गेलीसुद्धा.

* * *

मग लोडशेडिंगचे दिवस आले. पंप बंद, म्हणून खालच्या नळांचंही पाणी गेलं. हिराबाईंनी वीज कार्यालयावर मोर्चा काढला. बायका, रिकामे हंडे, टेम्पोत भाड्यानं आणलेला भोंगा. दारात पोचून हिराबाईंनी माइक हातात घेतला, तर आवाजच नाही. टेम्पोची बॅटरी बसली होती.

हिराबाई थेट आत इंजिनिअरसाहेबांकडे गेल्या. "साहेब, तेवढं भोंग्यापुरतं कनेक्शन द्या. तुमचा निषेध करायचाय."

साहेब रुमालानं वारा घेत बसले होते. म्हणाले, "बाई, आमचीही लाइट गेलीय. मीच बाहेर येतो, तोंडानं करा!"

ते खरंच येऊन लिंबाखाली बसले. बायकांनी आधी त्यांना चांगलं झोडपलं, मग त्यांच्याच माठातलं पाणी पिऊन घरी गेल्या.

* * *

दगडूभाऊंनी मग हिराबाईंवर अविश्वास ठराव आणला. फोडाफोडी नको म्हणून दोन्ही गटांनी आपापले सदस्य जीपमध्ये घातले आणि देवदर्शनाला पळवले. आपल्या भागात पळवून पळवून नेणार कुठं? दोघंही भीमाशंकरला!

वर धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. दोन्ही जीपा पांढऱ्या. दर्शन घेऊन दगडूभाऊंच्या गटातला अंतू चुकून हिराबाईंच्या जीपमध्ये जाऊन बसला. घोडेगावात धुकं निवळलं तेव्हा कळलं, पण तोवर त्या जीपमध्ये खाण्याचं पुडकं उघडलं होतं. मतदानाला अंतूनं हिराबाईंच्या बाजूनं हात वर केला आणि ठराव पडला.

दगडूभाऊ कडाडले, "अंत्या, लाज वाटती का?"

"भाऊ, त्यांच्या जीपमध्ये वाटभर गरम भजी व्हती. तुमच्यात नुसतं भाषाण!"

हिराबाईंची खुर्ची वाचली म्हणून मला फार बरं वाटलं. वाडीचा नळ मात्र कोर्टातच अडकलेला होता.

* * *

अशातच दगडूभाऊंनी धाकटी लेक दिली, ती नेमकी वरच्या वाडीत! मी म्हटलं, "आता तरी दावा काढा." तर म्हणाले, "सोयरीक येगळी, वावर येगळं."

आपल्याकडची जुनी रीत, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. दगडूभाऊ रीतीचे पक्के. वाडीवर जायचे, ओट्यावर टेकायचे आणि तहानलेलेच खाली यायचे.

लेकीला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी उरकून ती वाडीला परत गेली, तेव्हा भर उन्हाळा होता. दगडूभाऊ कडक इस्त्रीचं धोतर नेसून नातीला बघायला चढले. ओट्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "आण गं पोरी, आज तुज्या घरचं पाणी पितो!"

लेक बाहेर आली. एका खांद्यावर मुलगी, दुसऱ्या हातात रिकामी कळशी.

"आबा, घरात थेंब न्हाई. सासूबाई सकाळधरनं झिऱ्यावर बसल्यात. पोरीला धरता का कळशी घेता?"

हिराबाईंचं घर त्याच वाटेवर. त्या सांगत होत्या, दगडूभाऊ कळशी घेऊन उतरले आणि चढताना तीनदा बसले.

पुढच्या तारखेला दगडूभाऊ पिंजऱ्यात उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमची तक्रार अजून कायम आहे का?"

"हाय की साहेब! लई मोठी तक्रार हाय."

त्यांचा वकील खुशीत माझ्याकडे बघून हसला.

"एवढी वर्सं झाली साहेब, पर ह्या पंचायतीनं वाडीला अजून पाइप टाकला न्हाई!"