दाढेची गोळी आणि पोटाचं दुखणं

लोखंडी पाइप बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला 'वरच्या ताई' म्हणत. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छताखालून धावणारी क्रेन ती एकोणीस वर्षं चालवत होती. अठ्ठावीस पायऱ्यांची उभी शिडी चढून ती केबिनमध्ये बसायची आणि खाली उभे असलेले काका हातानं खुणा करायचे: उचल, थांब, डावीकडे, हळू. जोडी इतकी मुरलेली, की काकांनी नुसती भुवई उडवली तरी हूक कुठे न्यायचा ते तिला कळायचं. "एवढं माझ्या बायकोला कळलं असतं, तर संसार सोन्याचा झाला असता," असं काका म्हणायचे. त्यावर ती वरून भोंगा वाजवायची.

नवरा बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने बाहेर. घरी ती आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई.

दुखणं अंगावर काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दाढ ठणकायला लागली तेव्हाही तिनं चार दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर ढकलले. गाल भोपळ्यासारखा सुजला, तेव्हा कुठे ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी पू काढला आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या. पाच दिवसांत गाल जागेवर आला. पण तिला वाटलं, दुखणं मुळापासून जायला हवं. म्हणून तीच चिठ्ठी दाखवून तिनं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणखी दहा गोळ्या आणल्या.

"डॉक्टरला विचारलंस का?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यात काय विचारायचं? चार गोळ्या जास्त खाल्ल्या म्हणून दाढ काही रागवणार नाही."

दाढ रागावली नाही. तिसऱ्या दिवशी पोट मात्र बिघडलं. काहीतरी बाधलं असेल म्हणून ती नुसत्या पेजेवर राहिली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

त्या दिवशी हुकाला चार टनांचा पाइपांचा गठ्ठा लटकत होता आणि तिच्या पोटात अशी कळ आली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओझं अधांतरी सोडून उठता येत नाही. खाली माणसं असतात. तिनं ओठ घट्ट आवळून क्रेन शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, गठ्ठा पाइप ठेवायच्या लोखंडी घोडीवर टेकवला, काकांनी साखळ्या सोडवेपर्यंत थांबली आणि मग शिडीकडे धावली. अर्ध्या शिडीतच व्हायचं ते झालं.

ती तिथेच दांड्याला धरून उभी राहिली. खाली उतरावं की वर जावं, कळेना. काकांनी मान वर करून एकदाच पाहिलं आणि ओरडले, "वरची वायर ठिणग्या टाकतेय! सगळे बाहेर व्हा!" शेड रिकामी झाल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं, अंगातला कामाचा लांब कोट काढला आणि ती खाली उतरताच तोंड भिंतीकडे करून तिच्यापुढे धरला. "ताई, घरी जा. फोरमनचं मी बघतो," एवढंच म्हणाले.

घरी येऊन ती न्हाणीत बसून रडली. मग हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं. तिनं पुन्हा औषधवाला गाठला आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या घेतल्या. जुलाब कमी झाले, पण पोट टम्म फुगलं आणि ताप चढला. तरी तिसऱ्या दिवशी ती डबा भरायला लागली. सासूबाईंनी डबा काढून घेतला.

"पोटाचा नगारा झालाय. तू कामावर गेलीस तर मी येऊन त्या शिडीखाली बसेन. मग उचल मला क्रेननं."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंत?"

"घेतलं, पण ते दाढेसाठी. दाढ कुठे, पोट कुठे!"

"गोळीला ते कळत नाही, ती सगळीकडे फिरते. आतड्यात चांगले जंतू असतात, ते वाईटांना डोकं वर काढू देत नाहीत. गोळीनं तेही मेले. रान मोकळं मिळालं आणि एक वाईट जंतू माजला."

"म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळालं."

"अगदी तसंच. त्यात जुलाब बांधून तुम्ही त्याचं विष आतच कोंडलंत."

शौचाच्या तपासणीत तोच जंतू निघाला. सहा दिवस सलाइन लागलं. नवं औषध आलं तेव्हा तिनं विचारलं, हे कसलं? तेही अँटिबायोटिकच होतं.

"पुन्हा तेच?"

"काट्यानं काटा काढायचा. पण हा काटा त्या एका जंतूसाठी आहे, आणि तो मी निवडलाय, औषधवाल्यानं नाही."

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं की हा जंतू दुसऱ्याला लागतो आणि म्हाताऱ्या माणसाला फार जड जातो. हाताला नुसतं सॅनिटायझर चोळून तो मरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे, संडास ब्लीचनं घासायचा. तिला स्वतःपेक्षा सासूबाईंचीच जास्त काळजी वाटली. ती सारखी त्यांना हात धुवायला लावायची. "तळहातावरच्या रेषा पुसल्या गं," सासूबाई कुरकुरल्या. "आता ज्योतिषानं काय बघायचं?"

दोन आठवड्यांनी पोट पुन्हा बिघडलं. असं होऊ शकतं, हे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं. या वेळी तिनं अंगावर काढलं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठला. दुसरा औषधोपचार लांबला, पण लागू पडला. सासूबाई ठणठणीत राहिल्या.

अडीच महिन्यांनी ती कामावर गेली तेव्हा वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. फाटकातून आत जाताना तिच्या डोक्यात एकच होतं. कोण काय म्हणेल, कोण हसेल. कुणी काही म्हणालं नाही. बऱ्याच जणांना तर वायरीचंच खरं वाटलं होतं.

फोरमननं तिला खाली कोठारात बसायला सुचवलं. ती म्हणाली, "क्रेन मीच चालवीन. पण आठ तास एकटी नाही. उतरावं लागेल म्हणून इतकी वर्षं मी घोटभर पाणीही जपून प्यायले. आता जोडीला दुसरं माणूस द्या."

फोरमननं महिनाभर आढेवेढे घेतले. शेवटी कोठारातल्या एका मुलीला शिकायला पाठवलं. पाच महिने झाले. हात हलका आहे तिचा, ताई सांगते. फक्त ब्रेक अजून जरा उशिरा लावते.