चेअरमन साहेबांच्या मार्गदर्शनाखाली

माझे दाजी, म्हणजे आमच्या उमाअक्काचे यजमान रामलिंगराव, आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर आहेत. मशिनरीपुढं हा माणूस कुणाच्या बापाला भीत नाही. आणि चेअरमनचा फोन आला की घरात एकटा असला तरी उठून उभा राहतो. मला त्याचा राग येतो, अक्काच्या लग्नापासून येतो.

यंदा सोलापूरकडच्या एका खासगी कारखान्याला जनरल मॅनेजर हवा होता. वयाची अट पंचावन्न, दाजींना चोपन्न सरलेली. ही जागा हुकली तर त्याच खुर्चीत, त्याच माणसापुढं उभं राहत निवृत्त व्हायचं. पुण्यात माझा धंदाच कंपन्यांना मोठ्या पदाची माणसं शोधून देण्याचा, म्हणून अक्कानं मला धाराशिवला बोलावून घेतलं. "शिवराज, ह्यांचा बायोडेटा तू बघ. ह्यांना स्वतःबद्दल चार शब्द धड लिहिता येत न्हायीत," ती म्हणाली.

बायोडेटा वाचला आणि कपाळाला हात लावला. सुरुवातीलाच वडिलांचं नाव, मूळ गाव, भजनाची आवड. पुढं कामाची माहिती, ती अशी: मा. चेअरमन साहेबांच्या मार्गदर्शनाखाली गाळप क्षमता वाढवली. मा. चेअरमन साहेबांच्या प्रेरणेने वीज वाचवली. शेवटच्या ओळीपर्यंत चेअरमन साहेबच.

"दाजी, नोकरी चेअरमनला पाहिजे का तुम्हाला?"

"तसंच लिवायचं असतं रे. कारखान्याच्या वार्षिक अहवालात बी तसंच असतंय. दरसाल म्याच लिवतो की."

"अहवाल वेगळा. या पदाला तुम्ही काय काम बघत होता ते कुणी विचारत नाही. अडचण आली तेव्हा निर्णय कुणी घेतला, ते बघतात. असा एक तरी निर्णय सांगा."

उत्तर अक्कानं दिलं. "बॉयलरचं सांगा की."

दोन हंगामांमागं ऐन गाळपात बॉयलरची नळी गळायला लागली होती. चेअरमन म्हणाले, चालू ठेवा, ऊस टाकायच्या गव्हाणीपासून पार रस्त्यापर्यंत ऊसगाड्या उभ्या आहेत. दाजींनी बॉयलर बंद केला. चेअरमननी सगळ्या कामगारांसमोर त्यांना वाटेल ते सुनावलं. दुरुस्तीला उघडल्यावर शेजारच्या नळ्याही चिरलेल्या निघाल्या. चालू ठेवला असता तर आतली माणसं भाजून मेली असती. अहवालात मात्र दाजींनी स्वतःच्या हातानं लिहिलं, की चेअरमन साहेबांच्या मार्गदर्शनाखाली बॉयलर वेळीच बंद करून दुरुस्त केला.

"हे पहिल्या पानावर घ्यायचं," मी म्हणालो. "बंद करण्याचा निर्णय माझा, असं."

दाजींचा चेहरा उतरला. "साखरेच्या धंद्यात सगळे एकमेकांना वळखतात. त्यांनी चेअरमनला फोन लावला तर? ही नोकरी बी जाईल. पोरीचं कॉलेज अजून चालू हाय."

ती भीती खोटी नव्हती. नोकरी गेली असती तर मी पुण्याहून काय करणार होतो? अक्काच शेवटी म्हणाली, "जाऊ द्या गेली तर. पण त्या दिवशी जेवला न्हवता तुम्ही, ते मला ठावं हाय. लिवा."

दाजींनी लिहिलं. मी पाठवलं.

मुलाखतीला सोलापूरला मीच गाडीनं घेऊन गेलो. छान झाली म्हणाले. परतताना तामलवाडीला चहाला थांबलो आणि फोन वाजला. त्या कारखान्याचे मालक, शिवलिंगप्पा. दाजींनी फोन स्पीकरवर टाकला.

"रामलिंगराव, तुमच्या चेअरमनशी बोललो आत्ताच. बॉयलर त्यांनीच बंद करायला लावला म्हणतात. तुमचा अहवालही मागवला, त्यातही तेच आहे. खोटं कोण बोलतंय?"

दाजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"अहवाल मीच लिहिला साहेब. तो खोटा आहे. बायोडेटा खरा आहे."

"मी कशावरून मानू?"

दाजी म्हणाले, "चेअरमन साहेबांनाच विचारू. थांबा, त्यांना लाईनवर घेतो." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो बाजूला केला आणि नंबर लावला.

"साहेब, रामलिंग बोलतोय. शिवलिंगप्पा पण लाईनवर आहेत, ऐकतायत. एकच विचारायचंय. बॉयलर गळत होता, तेव्हा चालू ठेवा असं तुम्ही म्हणाला होता का न्हाय?"

पलीकडं स्फोटच झाला. "मला जाब विचारतोस? तू? व्हय, म्हणलो होतो! गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या होत्या! ऐकलंस का माझं? सगळ्या कामगारांसमोर नाही म्हणालास मला! उद्यापासून गेटात पाय ठेवू नकोस!"

फोन कट झाला. शिवलिंगप्पा अजून लाईनवर होते. हातची नोकरी तर गेलीच होती, एवढं मला कळत होतं.

"रामलिंगराव," शिवलिंगप्पा म्हणाले, "आमच्याकडं आलात, आणि मी चालू ठेवा म्हणालो, तर?"

"नळी गळत असली तर बंद करीन."

"मी रागावलो तरी?"

दाजींच्या उत्तराला वेळ लागला नाही. "रागवा साहेब. आतली माणसं घरी गेली पायजेत."

"सोमवारी या," ते म्हणाले. "येताना नेमणुकीच्या अटी काय पाहिजेत ते लिहून आणा. आणि त्यात माझी स्तुती नको."