आजीची पाठराखीण

पुंडलिकनगरात कुणालाही चतुराबाईंचं घर विचारा. लगेच बोट दाखवतात, "ते काय, झाडाला कूलर लावणाऱ्या बाईचं." लोक वाढवून सांगत नाहीत. एप्रिल लागला की त्या घरात कूलरचं तोंड कुंडीकडं आणि पाठ नवऱ्याकडं, म्हणजे बद्रीनाथरावांकडं असते. बद्रीनाथराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना एक शाल आणि एक कूलर दिला होता. मे महिन्यात शाल पांघरता येत नाही, आणि कूलर वेलीनं घेतला.

ही वेल म्हणजे आयव्ही. थंड मुलखातली, पसरलेल्या पंजासारख्या पानांची, भिंत धरून चढणारी. हिच्या फुलाचं नाव काढावं असं काही नाही, भाजी होत नाही, देवाला वाहता येत नाही. आपल्या ज्या गावात उन्हाळ्यात गच्चीवर पापड अर्ध्या दिवसात वाळतात, त्या गावात ही वेल जगवायची म्हणून लोकांनी चक्क मंडळ काढलंय. आयव्ही मंडळ. नळाला पाणी आलं की सगळं गाव आधी पिंप भरतं, ही मंडळी आधी झारी भरतात.

मंडळ काढलं यमुनाबाईंनी. समर्थनगरात वरच्या मजल्यावर राहतात, शाळेत मास्तरीण होत्या, आवाज अजून फळ्यापुढचाच. उटीच्या सहलीत त्यांनी आयव्हीचं एक रोप मिळवलं आणि प्रवासात सुकू नये म्हणून पुऱ्यांच्या डब्यात ठेवलं. पुऱ्या कुठं गेल्या? खिडकीबाहेर. यजमान श्रीधरपंत परतीचा सगळा प्रवास नुसत्या लोणच्यावर आले म्हणतात. डब्याच्या झाकणानं त्या रोपाच्या खोडाला बुडाशी एक बाक आला, मान मुरडून बसलेल्या म्हातारीसारखा. म्हणून तिचं नाव पडलं आजी. मंडळातली एकूण एक वेल त्या आजीची लेक नाहीतर नात.

आता मंडळाची रीत ऐका. आयव्ही विकत आणायची नाही. आजीची फांदी घ्यायची, कुंडीला कुंकू लावायचं, ओटी भरायची आणि पाठवणी करायची. नव्या नवरीबरोबर जाते तशी कुंडीबरोबर एक पाठराखीण जाते. ती खिडकी बघते, कूलरचा वारा हातानं तपासते, दोन चुका काढते, पोहे खाते आणि मग उठते. शिवाय मे महिन्यात खुद्द आजी माहेरपणाला जाते, कारण यमुनाबाईंचा वरचा मजला तव्यासारखा तापतो. तीन वर्षं ती मंडळातल्याच हिमानीकडं जात होती. हिमानीकडं दोन एसी.

चतुराबाई मूळच्या देवगाव रंगारीच्या. कापूस वेचला, मका खुडला, जे लावलं ते बाजारात गेलं. कुणीतरी आयव्हीची फांदी दिली तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच असं काही लावलं की ज्याच्यापासून कुणाला काहीच नको होतं. बाई हरखल्या. तेव्हापासून आजी एकदा आपल्या घरी यावी हा त्यांचा ध्यास. पण दरवर्षी यमुनाबाई गोड हसून म्हणायच्या, "चतुराबाई, तुमचा हात शेतीचा. हे नाजूक काम आहे." हे वाक्य चतुराबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतलं होतं.

यंदा हिमानी सुट्टीला पुण्याला गेली आणि चतुराबाई भर बैठकीत उभ्या राहिल्या. "यंदा आजी माझ्याकडं. जगली तर पुन्हा माझ्या हाताला बोलायचं नाय. मेली तर मी मंडळ सोडते."

आजी आली. यमुनाबाईंनी बुडाला काथ्या गच्च गुंडाळून दिला होता. "हा सोडायचा नाही, मुळाला झळ लागते." पाठराखीण मात्र कुणी आली नाही. यमुनाबाईंचे गुडघे दुखत होते म्हणे. त्याच संध्याकाळी त्या कर्णपुऱ्याच्या चढावर भाजी घेताना दिसल्या, पण जाऊ द्या. चतुराबाईंना लागलं. आपल्या घरचे पोहे नको असतील, त्या मनाशी म्हणाल्या, आणि कूलर आणखी जवळ ओढला. बद्रीनाथरावांच्या पाठीवर घामोळं उठलं.

"आगं, मलाबी एखादं पान फुटू दे, म्हंजे माझ्याकडं वळवशील," ते म्हणाले.

"तुमी देवगावच्या उन्हात वाढलात. ती उटीची हाय."

असं चाललं होतं, आणि एका दुपारी कूलरची मोटर जळाली. मिस्त्री म्हणाला, उद्या. उद्यापर्यंत आजीची भाजी झाली असती. एक पान आताच कडेनं वळायला लागलं होतं. चतुराबाईंनी कुंडी उचलली, पदराखाली घेतली आणि कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये शिरल्या. तिथं गारवा झकास. पण बाहेर रांग लागली, आणि बाई आत कुंडीला वारा घेऊ देतायत.

"मावशी, मशीन अडकलंय का?" एकानं विचारलं.

"नाय, मी अडकलेय," म्हणून त्या बाहेर आल्या.

मग त्यांना शहागंजातलं रामकिसन शेठचं साड्यांचं दुकान आठवलं. मोनिकाच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नाचा बस्ता तिथंच बांधला होता आणि त्या एसीनं अख्ख्या वऱ्हाडाला सर्दी झाली होती. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "अम्मा, झाड कू शादी में ले जा रे क्या?"

"व्हय. तू गाडी हाण."

रामकिसन शेठ पांढऱ्या गादीवर बसले होते. "या ताई. काय दाखवू?"

"हिरव्यातलं दाखवा. निवांत दाखवा, घाई नाय."

"लग्नाचं का?"

"अजून ठरायचंय."

शेठनी पदराखालून डोकावणारी कुंडी पाहिली, आणि कमाल म्हणजे त्यांना नवल वाटलं नाही. "ते त्या कोपऱ्यात ठेवा. तिथं वारा चांगला लागतो. त्या मावशी रोज तिथंच ठेवतात."

"कोण मावशी?"

"त्या काय, पैठण्यांच्या मागं."

पैठण्यांच्या ढिगामागं यमुनाबाई बसल्या होत्या. मांडीवर जांभळी पैठणी, शेजारी कापडी पिशवी, पिशवीतून पंजासारखं एक पान बाहेर आलेलं.

"अगंबाई, चतुराबाई. खरेदी का?"

"व्हय काकू. तुमची?"

"केळवण आहे एक."

"आन पिशवीत काय?"

"भाजी."

"कशाची?" असं म्हणत चतुराबाईंनी पिशवीची कड खाली केली. आत खोड, आणि खोडाला बुडाशी तो बाक. मान मुरडून बसलेली म्हातारी त्यांच्याकडं बघत होती. चतुराबाईंनी आपल्या कुंडीचा काथ्या सोडला. खोड सरळ, काठीसारखं.

"ही कोण मग?"

यमुनाबाईंचा फळ्यापुढचा आवाज खाली बसला. "तिची लेक."

"लेक. आमच्या ह्यांच्या पाठीला घामोळं आलं काकू. मी एटीएममधी उभी राहिले. माझा हात शेतीचा म्हणून खोटी दिली ना?"

"नाही हो. ती खोलीत नसली की मला झोपच येत नाही. हे घोरले तरी येते, हिच्याशिवाय येत नाही. आणि घरी ठेवावी तर दुपारी करपते. म्हणून रोज इथं येऊन बसते. कुणाकडं ठेवायचीही सोय नाही, सगळ्यांना वाटतं ती तुमच्याकडं आहे."

"हिमानीला बरी दिली तीन वर्षं."

यमुनाबाई पैठणीच्या काठावरचे मोर बघत राहिल्या. "तिलाही लेकच दिली."

"तिन्ही वर्षं?"

"तिन्ही वर्षं. दोन-दोन एसी लावत होती बिचारी."

चतुराबाईंच्या घशातला काटा तिथं निघाला. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्या साड्यांच्या ढिगावर आडव्याच झाल्या. हसू म्हणजे असं की यमुनाबाईंना पण लागलं, आणि दोघी एकमेकींना धरून हसतायत, शेठ पाण्याचे ग्लास घेऊन उभे.

"मंडळाला सांगणार का?" डोळे पुसत यमुनाबाई.

"नाय सांगत. पण आजी आत्ता माझ्या घरी येणार. आन मोटर नीट होईस्तोवर रोज दुपारी इथं. एक राहिलंय अजून. रितीपरमाणं पाठराखीण पायजे."

"गुडघे..."

"रिक्षा हाय."

एवढ्या पसाऱ्यातून त्या दोघींनी घेतलं काय, तर एक हिरवा खण, आजीच्या ओटीला. रामकिसन शेठ घड्या घालत काहीतरी पुटपुटणार, तेवढ्यात चतुराबाईंनी सरळ खोडाची कुंडी गादीवर ठेवली, तिला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "ही तुमची. एसीखालून हलवायची नाय. तुमी आता मंडळात." शेठनी नकळत हात जोडले.

पुंडलिकनगरात यमुनाबाईंनी खिडकी बघितली, कुंडी वीतभर सरकवली, पडद्याला नावं ठेवली, दोन बश्या पोहे खाल्ले. रीत तिथं संपते. पण आजी त्या खोलीत, म्हणजे झोप त्या खोलीत. दुसऱ्या दिवशी मोटर आली, कूलर फिरला, आणि पाठराखीण काही उठेना. उठलीच नाही. अख्खा मे राहिली. दोघी कुंडीच्या अल्याडपल्याड लोळत हिमानीबद्दल बोलत असायच्या.

आणि बद्रीनाथराव? घरात जागाच उरली नाही, तेव्हा ते पिशवी घेऊन समर्थनगरात श्रीधरपंतांकडं गेले. तिथल्या कूलरचा वारा आयव्हीला पुरत नसेल, माणसाला पुष्कळ झाला. दोन्ही म्हातारे बनियनवर, कूलरचं तोंड सरळ आपल्याकडं करून, पुरी-भाजी खात पडलेले. बद्रीनाथरावांचं घामोळं बसलं.

महिना सरत आला तसा चतुराबाईंनी फोन केला, "आवं, उद्या काकूंना सोडते म्हणलं."

पलीकडं कूलरची घरघर. मग श्रीधरपंतांची कुजबुज. मग बद्रीनाथराव म्हणाले, "आगं, घाई कशाला? आजीची तब्येत बघा. पाऊस पडू द्या की जरा."