दादाच्या कमरेचं पिस्तूल

माझ्या थोरल्या भावाच्या जिवावर कधी कुणी उठलं नव्हतं. उठावं असं त्यानं काही केलंही नव्हतं, आणि हेच त्याला खुपत असावं. इंदापूरकडं आमच्या गावात त्याचे दोन डंपर आणि हायवेला लागून प्लॉटिंगचं ऑफिस. ऑफिसात एसी, भिंतीवर वाघाचं चित्र, आणि दिवसभर चहा प्यायला येणारी चार रिकामटेकडी माणसं. त्यातल्या एकाच्या कमरेला पिस्तूल होतं. तेव्हापासून दादाला झोप लागेना.

परवान्याच्या अर्जात त्यानं 'जिवाला धोका' असं लिहिलं. कुणापासून, ते वहिनीलाही सांगता आलं नसतं. दीड-दोन वर्षं खेटे घातले, पुढाऱ्यांच्या पाया पडला आणि एकदाचा परवाना आला. मग पुण्यातल्या एका म्हाताऱ्या परवानाधारकाकडून त्यानं एक छोटं जुनं पिस्तूल घेतलं. कुठल्याशा परदेशातल्या पोलिसांनी वापरून टाकून दिलेलं, तळहाताएवढं, मुठीवरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेलं. "फारिनचं हाय," तो येईल त्याला सांगे. तिकडच्या पोलिसांनी ते का टाकलं असेल, हा प्रश्न त्याला पडला नाही.

माझं जळोचीला औषधांचं दुकान आहे. एका रविवारी तो दारात गाडी घेऊन आला. "चल पुण्याला. रेंजवर जायचंय. तू कॉलेजात एनसीसीत बंदूक चालवलीय न्हवं? बघ तरी भावाचा हात." बघणारं कुणीतरी हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ. मी गेले.

रेंजवर शिकवणारा तिशीतला एक शांत माणूस होता. त्यानं दादाला आवाज अडवायला कानांवर लावायचे कप दिले आणि म्हणाला, "साहेब, लहान आहे म्हणून हलकं समजू नका. वजन कमी, त्यामुळं धक्का सगळा हातात येतो. दोन्ही हातांनी धरा, मनगट सैल सोडू नका आणि हात फार वर चढवू नका. बार झाला की वरची ही स्लाइड मागं येते, ती कातडं सोलते."

"दोन हातानं बायका धरत्यात," दादा म्हणाला, आणि एक हात लांब करून, छाती काढून उभा राहिला.

बार झाला. पिस्तुलाचं तोंड वर उसळलं, दादाची मान मागं गेली, आणि अंगठ्याच्या बेचक्यातून रक्ताची धार मनगटावर आली. गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी मधेच अडकून बसली होती. "माल खराब दिसतोय," दादा म्हणाला. शिकवणाऱ्यानं पिस्तूल जमिनीकडं धरलं, पुंगळी काढली आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं. पुढच्या गोळ्याही दादानं तशाच, एका हातानं मारल्या. निशाण्याच्या कागदावर एकच भोक पडलं होतं, तेही कोपऱ्यात. तो कागद त्यानं घडी घालून घरी आणला. परतीच्या वाटेवर मी हाताला पट्टी बांधत होते, तर म्हणाला, "रक्त आल्याबिगर हात बसत न्हाय."

त्यानंतर तो ते बाळगू लागला. बाळगणं म्हणजे काय, तर पांढरा शर्ट बाहेर सोडायचा, पिस्तूल पोटाशी विजारीत खोचायचं आणि दर दोन मिनिटांनी विजार वर ओढायची. ते लपवायचं होतं, पण लोकांना दिसायलाही हवं होतं. त्याच्या पोटापुढं त्या चिमुकल्या हत्याराचा निभाव लागत नव्हता. बसला की ते बरगडीत घुसे, उठला की खाली सरके. कमरेला पुरळ उठली. मलम माझ्याच दुकानातून जायचं.

मग वहिनीच्या भाचीचं लग्न आलं, जळोचीतल्याच मंगल कार्यालयात. अक्षता पडल्या, आणि दादा पहिल्या ओळीत बसलेल्या वहिनीच्या चुलत्यांच्या, तात्यांच्या, पाया पडायला वाकला. शर्ट वर गेला, पिस्तूल सुटलं आणि थेट तात्यांच्या पायावर आदळलं.

तात्यांनी पाय चोळला. दादाकडं वर बघत म्हणाले, "आशीर्वाद मागायला आलायस का खंडणी?"

माणसं पोट धरून हसली. तेवढ्यात आमच्या आईनं ते उचललं, पदरात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसली, पडलेला पानपुडा उचलावा तशी. मला मात्र हसू आलं नाही. मी दादाला बाजूला घेतलं.

"भरलेलं हाय का ते?"

"आसंल की."

"आसंल?"

तो विजार वर ओढत राहिला. मी आईच्या पदरातून ते अलगद काढून घेतलं आणि आचाऱ्यांच्या चुलीपलीकडं, मोकळ्या रानाकडं गेले. तोंड जमिनीकडं ठेवून गोळ्यांचं मॅगझिन काढलं, स्लाइड मागं ओढली. आतली जिवंत गोळी उडून मातीत पडली. म्हणजे ती नळीत तयारच होती. सत्तरी ओलांडलेली माझी आई ते मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी नवरीची आजी. मी ती गोळी मातीतून उचलली.

दादा मागं आलाच होता. "ऐन टायमाला भरत बसायला येळ नसतो," तो म्हणाला. "तुला न्हाय कळायचं."

"तुला मारायला कोण येणार हाय रं दादा?" मी विचारलं. "कुणाला काय पडलंय तुझं?"

त्याचा चेहरा असा पडला, की मी त्याच्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. पण मला दया आली नाही. आजही येत नाही.

आईला मी त्या गोळीचं सांगितलं. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी दादा जेवायला आला, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "ते घिऊन आत यायचं न्हाय. ठिवून ये, मग ताटावर बस."

"आई, आसं कुठंबी ठेवता येत न्हाय ते. कायदा हाय."

"मग कायदा वाढंल तुला."

निवडणुका लागल्या तेव्हा परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. तेवढे दिवस दादा आत येऊन, पाटावर मांडी घालून सगळ्यांबरोबर जेवला. पुरळही बसली. आईनं त्याला एकदा पुरणपोळी केली. मला वाटलं, सुटला.

आचारसंहिता उठली त्या सकाळी ठाण्याच्या दारात पहिला तोच उभा होता.

आता तो बाहेर ओट्यावर जेवतो. खाली बसलं की टोचतं, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत, ताट गुडघ्यांवर घेऊन. वहिनी भाकरी बाहेर नेऊन देते. मी माहेरी असले की आतून त्याची पाठ दिसते. एका हातानं ताट सावरतो, दुसऱ्यानं विजार. आम्ही आत गप्पा मारत जेवतो आणि आई त्याला हाक मारत नाही.