अमावस्येला सुटलेली होडी

माझ्या मोठ्या नणंदेला, चांदूर रेल्वेच्या कमलताईंना, जिवंत पोवळं पाहायचं होतं. गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरलेली. नंतर खडकांवर चालणं बंद. म्हणून जामनगरजवळचं पिरोटन बेट ठरवलं. त्यांची अट एकच, अमावस्येच्या आत घरी. अमावस्येला त्या कधीही प्रवासाला निघालेल्या नाहीत.

बडनेऱ्याहून थेट गाडी आहे. हिवाळ्यात जा, आरक्षण लवकर करा. डब्यात पोळ्या आणि तिळाची चटणी घ्या. तिकडची डाळ गोड असते आणि तक्रार करून तिखट होत नाही. बेट सागरी अभयारण्यात आहे, वनखात्याचा परवाना लागतो. बेट खुलं आहे का, तेही तिथेच विचारा.

दशमीला बंदरावर पोहोचलो. नावाड्याने आम्हाला न्याहाळलं.

"बेन, अभी जाके क्या देखोगे? पानी पूरा उतरेगा नहीं. अमास पे आओ."

पोवळी मोठ्या ओहोटीतच उघडी पडतात. आमच्याकडे पाणी धरणात चढतं-उतरतं. त्याचा तिथीशी संबंध असेल, हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"अवसेले मी नाई निंगत," ताई म्हणाल्या.

"मग उद्या परत जाऊ."

त्या आधी जेवल्या. मग म्हणाल्या, "वयनी, निंगनं म्हंजे घरून निंगनं. हे त लॉज हाय."

मी लगेच परवाना आणि तिकिटं बदलून घेतली.

होडी भरतीला जाते आणि पुढच्या भरतीलाच परतते. पाणी, जेवण, टोपी आणि जुने बूट जवळ ठेवा. वाटेत ताईंनी डोळे मिटून फळी घट्ट धरली होती. बेटापाशी ओहोटी लागली, होडी चिखलात बसली आणि समुद्राचा तळ उघडा पडला. खेकडे, तारामासे, एक लहानसा ऑक्टोपस. पोवळं लाल नव्हतं. मातकट, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं.

"हाथ मत लगाना," सोबत आलेला वाटाड्या म्हणाला.

"नाई लावत रे बाप्पा. जित्तं हाय न थे?"

"जिंदा है."

गुडघा धरून ताई वाकल्या आणि पाणी परत यायला लागेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

आता चांदूरला त्या शेजारणींना हे सगळं सांगतात, ऑक्टोपसच्या डोळ्यांसकट. फक्त तिथी दशमी सांगतात. मी समोर असले तर माझ्याकडे पाहत नाहीत.

तुम्ही मात्र दशमीला जाऊ नका, काही दिसणार नाही. अमावस्येला जा. ताई हा ब्लॉग वाचतात. वाचू देत.