सरांनी आखलेली दिशा

बाळांनो, काळजी करण्यात आमच्या शेजारच्या गणिताच्या सरांचा हात धरील असा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात झाला नाही. कुलूप लावून ते तीनदा ओढायचे आणि चौथ्यांदा ओढायला एसटीतून उतरायचे. बगदादच्या जुन्या गणित्यांवर मात्र त्यांचा आंधळा विश्वास. हजारेक वर्षांपूर्वी त्या लोकांनी आपले अंक उचलले, बीजगणिताला आकार दिला, कुठल्याही गावाहून मक्का नेमकी कोणत्या दिशेला हे कोन मांडून काढले, असे सगळे ते मी मेथी निवडत असताना ऐकवत.

म्हणून तुम्ही लहान असताना तळेगाव ढमढेऱ्यात नमाजाची नवी खोली बांधायची ठरली, तेव्हा मुलाणी चाचा त्यांच्याकडेच आले. "सर, पाया खणायचाय. दिशा तुम्हीच काढून द्या."

सरांचा चेहरा उतरला. होकायंत्र लोखंडी सळयांपाशी फसेल म्हणून त्यांनी काठी रोवली आणि भोवती फक्कीचे वर्तुळ आखले. सकाळी आणि दुपारी सावलीचे टोक वर्तुळाला शिवते, त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते. "अरब याला हिंदी वर्तुळ म्हणायचे, वहिनी," ते ऐटीत म्हणाले आणि लगेच ओरडले, "सरका! तुमची सावली पडतीय!" डबासुद्धा त्यांनी काठीशेजारी उभ्यानेच खाल्ला.

मग मक्केचा कोन मांडल्यावर पश्चिमेपासून अकरा अंश उत्तरेला दोरी लागली आणि भिंत रस्त्याला तिरकी आली. गवंडी म्हणाला, "सर, गाव हसंल की." झाले! सरांचे जेवण सुटले. रोज माझ्या दारात उभे. "वहिनी, काठीच वाकडी असंल तर? एवढी माणसं माझ्यामुळं भलतीकडं तोंड करतील!"

शेवटी चाचाच आले. "सर, इतकी वर्षं अंदाजानं उभं राहिलो. वरच्यानं तक्रार केली न्हाई. जेवा आता."

पुढे कुरकुंभच्या कारखान्यात असलेल्या चाचांच्या जावयाने नवे यंत्र आणून दिशा तपासली. अगदी बरोबर निघाली. सर म्हणाले, "पण यंत्र कुणी तपासलं?"

तुम्ही शिकागोला गेलात त्या वर्षी मी संध्याकाळी पश्चिमेकडे बघत बसे. सरांना ते बघवेना. "वहिनी, चुकीच्या बाजूला बघताय. पृथ्वी गोल हाय. शिकागोची जवळची वाट उत्तर ध्रुवाकडनं जाती." मग आमच्या अंगणात काठी रोवली गेली. जवळजवळ उत्तरेला जाणारी रेघ त्यांनी विटांनी पक्की केली आणि आठवडाभर रोज येऊन तपासली.

आता सर नाहीत. संध्याकाळी मी त्या विटांच्या रेषेत खुर्ची टाकून बसते. मधूनच उठून बघते, एखादी वीट हलली तर नाही ना.